पाचव्या शीलाला गप्प

महाड
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

चि. बुद्धरत्न यास,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. अठरा किलोमीटरवरची बहीण फोन सोडून पोस्टाने पत्र पाठवते, तेही घरी नाही तर शाळेच्या पत्त्यावर, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. पण माझ्या फोनमधलं व्हॉट्सॅप तुझ्या लेकीने, दीप्तीनेच घालून दिलंय, माझ्याआधी तीच वाचते. आणि माझ्या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी स्वयंपाकघरात ऐकू जातं. विषय तिचाच आहे. घरी पाठवलं असतं तर शर्मिलाने फोडलं असतं, आणि पोरीच्या आईच्या जिवाला आत्ताच घोर नको.

जूनमध्ये अकरावी सायन्सला तू तिला माझ्याकडे ठेवलीस तेव्हा म्हणालास, "ताई, तुझ्या नजरेखाली राहील." नजर ठेवली आहे म्हणूनच लिहिते. दर रविवारी संध्याकाळी मी तिला विहारात नेते. वंदना होते, त्रिशरण होतं, पंचशील होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती तुमच्याकडून परत आली, त्याला तीन रविवार झाले. तिन्ही रविवारी तिने चार शीलं खणखणीत म्हटली आणि पाचव्याला गप्प राहिली. पाचवं कशाचं ते तुला मी सांगायला नको. दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं.

पहिल्या रविवारी वाटलं, ठसका लागला असेल. दुसऱ्या रविवारी मी डोळे मिटून कान तिच्याकडे लावला. तिसऱ्या रविवारी डोळे पण उघडे ठेवले. ओठ घट्ट मिटलेले, रतन. विसरलेली पोर अशी दिसत नाही.

अजून काय काय आहे. तिने सॅकला इवलंसं कुलूप लावलंय. जेवताना मान वर करत नाही. शेजारच्या बनुबाई सांगत होत्या, "दीप्ती डेपोत उभी होती गो, पोलादपूरची गाडी लागली, सुटली, तरी ही हाय तिथंच." विचारलं तर मैत्रिणीला सोडायला गेले होते म्हणाली. कोण मैत्रीण? तर ताट उचलून उठली.

कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली मी. खोटं बोलणारा साक्षीदार जास्त बोलतो. हा गप्प राहणारा प्रकार मला नवीन आहे. तू बावीस शाळांतून व्यसनमुक्तीवर बोलत फिरतोस, तालुका तुला ओळखतो. तूच सांग, मी काय समजू? आणि एखाद्या रविवारी येऊन जा.

तुझी,
मंजुळाताई

*

पोलादपूर
शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

आदरणीय ताईस,
सादर जयभीम.

पत्र शाळेत पाठवलंस ते फार बरं केलंस. शर्मिलाला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. दीप्तीलाही काही विचारू नकोस. विचारलं की मुलं सावध होतात, हा माझा अनुभव आहे.

ताई, व्याख्यानात मी पालकांना नेहमी सांगतो की मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, आणि या वयात घेतलेला घोट मोठ्या माणसाच्या घोटापेक्षा खोल जातो. पालक माना डोलावतात, पण आपल्या मुलाचा प्रश्न आला की म्हणतात, "आमचा तसा नाय." मी तसं म्हणणार नाही. माझी मुलगी असली म्हणून काय झालं? सुरुवात चांगल्या घरातल्या मुलांचीच होते.

तू कपाट बघशील, गादीखाली बघशील. तिथे काही मिळत नसतं. तांदळाच्या डब्यात तळाशी हात घाल. संडासाच्या फ्लशच्या टाकीचं झाकण उचल, थंड राहते म्हणून तिथे ठेवतात. शाम्पूच्या बाटलीचा वास घे. बाहेर टांगलेल्या रेनकोटच्या बाह्या चाचप. छत्री उघडून बघ.

तोंडाच्या वासाचंही सांगतो. बडीशेप खाणाऱ्यावर संशय घेऊ नकोस, बडीशेप सगळेच खातात. मुरलेला माणूस कच्चं आलं चघळतो. आणि वास रात्री बघायचा नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बघायचा. तेव्हा तो श्वासाला नसतो, घामाला असतो. दुपारी चारनंतर माणूस चिडचिड करायला लागतो, त्या वेळेला लक्ष ठेव.

रविवारी येणं जमेलसं वाटत नाही. थर्टी फर्स्टला 'दारू नको, दूध प्या' म्हणून दूधवाटप असतं, त्याची तयारी डोक्यावर आहे, शिवाय वाड्यावस्त्यांवर कार्यक्रम लागलेत. जे मिळेल ते मलाच कळव.

तुझा,
बुद्धरत्न

*

महाड
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. रतन यास,
जयभीम.

तू सांगितलंस तसा रीतसर पंचनामा केला. पोर कॉलेजला गेली की रोज एक जागा. तांदूळ परातीत ओतले. फ्लशचं झाकण उचलताना बोट चेचलं. रेनकोट, छत्री, शाम्पू, सगळं झालं. काही नाही. वास पण बघितला. दुपारी डोळा लागला होता तिचा, तेव्हा वाकून तोंड हुंगलं मी पोरीचं. तिला जाग आली. "काय गं आत्या?" म्हणाली. "डास होता," म्हटलं. आयुष्यभर लोकांच्या शपथा लिहून घेतल्या आणि या वयात सोळा वर्षांच्या पोरीशी खोटं बोलले.

मग काल सॅक उघडी सापडली. किल्ली कुलपालाच राहिली होती.

तळाशी, वह्यांच्या खाली, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली दारूची चपटी बाटली होती. रिकामी. फडकं हातशिलाईचं, कडेला लाल दोरा. होतं तसं गुंडाळून परत ठेवलं आणि ओट्यापाशी जाऊन नुसतीच उभी राहिले. तिची आजी, तुझी-माझी आई, वस्तीतल्या दारूच्या धंद्यापुढे बायकांना घेऊन धरणं धरून बसली होती. त्या बाईची ही नात.

पण एक गोष्ट मला कळत नाही. पिणारा रिकामी बाटली टाकून देतो. ही वह्यांखाली कुलपात ठेवते. का? कुणाची राखून ठेवली आहे? आमच्या आळीतला मंगेश पनवेलला कामाला असतो, शनिवारी येतो, दोनदा तिच्याशी बोलताना बघितला. त्याच्यावर पण डोळा ठेवलाय.

आजही पाचव्याला गप्प. मी आता काही विचारत नाही. पण घरात मीठ मागितलं तरी दोघी एकमेकींकडे चोरासारख्या बघतो. असं किती दिवस चालायचं? कार्यक्रम गेले खड्ड्यात. तू ये.

मंजुळाताई

*

पोलादपूर
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

आदरणीय ताईस,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

मी निर्णय घेतला आहे. दीप्तीला महाडच्या कॉलेजातून काढतो. साताऱ्याकडे एक वसतिगृह आहे, शिस्तीचं, मोबाइल ठेवू देत नाहीत, सुट्टीत घरीही सोडत नाहीत. फोनवर बोलणं झालं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येऊन तिला घेऊन जाईन. शर्मिलाला मी सांगेन की तिथे अभ्यास चांगला होतो.

तुला हे कठोर वाटेल. पण मी या क्षेत्रातला माणूस आहे. झाकणाला काळी चिकटपट्टी लावून ठेवलेली बाटली ही गंमत म्हणून एकदा चाखणाऱ्याची नसते. सांडू नये, वास बाहेर येऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारा रोजचा असतो. मुलगी हाताबाहेर गेली आहे. ती काय वाटेल ते सांगेल, कुणाचंही नाव घेईल. अशी मुलं आईबापांवरसुद्धा आळ घालतात. तिच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नकोस.

ती बाटली आणि ते फडकं आजच्या आज सावित्री नदीत टाकून दे. दोन्ही.

बुद्धरत्न

*

महाड
मंगळवार, २४ डिसेंबर २०२४

बुद्धरत्न,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा बहीण म्हणून वाचलं, आणि रडले. पोरीचं कॉलेज सुटणार म्हणून. जेवणं झाल्यावर कारकून म्हणून परत वाचलं.

मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन घालून नक्कल ठेवते, या खोडीला तू हसायचास. आठ तारखेची नक्कल काढली. त्यात मी लिहिलंय, "दारूची चपटी बाटली होती. रिकामी." झाकणाचं लिहिलेलं नाही. चिकटपट्टीचं लिहिलेलं नाही. ती काळी, हे तर नाहीच नाही. चष्मा पुसून चार वेळा बघितलं. मग सॅकमधली बाटली काढली. झाकणाला काळी चिकटपट्टी होती.

तुला कसं ठाऊक, रतन?

आणि एकदा हा प्रश्न पडला की बाकीचे रांगेने आले. फ्लशच्या टाकीत थंड राहते हे तुला कुणी सांगितलं? वास सकाळी अकराला घामाला येतो, हे तुझ्या व्याख्यानाच्या कुठल्या तक्त्यावर लिहिलंय? कच्चं आलं! वर्षभर खिशात आल्याचे तुकडे घेऊन कोण फिरतं? "व्याख्यानांनी घसा बसतो गं ताई," म्हणून माझ्याच परड्यातलं आलं नेलंस की रे तू! आणि लाल दोऱ्याची पिवळी फडकी. शर्मिलाने तुझे तक्ते पुसायला शिवली, त्यातली दोन मला डबे पुसायला दिली. त्यातलंच एक माझ्या ओट्यावर होतं, आणि मी मूर्ख मंगेशवर डोळा ठेवून बसले.

मग मी दीप्तीला समोर बसवलं. आधी तिची माफी मागितली. झडतीची आणि तोंड हुंगल्याची. "डास नव्हता, ते मला कळलं होतं," म्हणाली.

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. सुट्टीत तू तिला कशेडी घाटाखालच्या वाडीत घेऊन गेलास, मुंबईहून आलेल्या पोरांसमोर कार्यक्रम होता. तक्ते ठेवायचा तुझा तो पीव्हीसी पाइप तिच्या खांद्यावर होता. चढणीला आत काच वाजली. तिथे लोक तुला नारळ देत होते तेव्हा ती तक्ते काढायला बसली. सगळ्यात आत, खराब लिव्हरच्या चित्राच्या गुंडाळीत, पिवळं फडकं, आणि त्यात अर्धी बाटली. तिने ती गोठ्यामागे ओतली आणि रिकामी बाटली सॅकमध्ये टाकली. मग समोर बसून तुझं पूर्ण व्याख्यान ऐकलं.

"परत निघताना पप्पा पाइपमध्ये हात घालून शोधत होते, आत्या. कोपरापर्यंत. मी समोरच होते. त्यांनी विचारलं नाय आणि मी सांगितलं नाय."

डेपोत ती आईला सांगायला म्हणून जायची. तीनदा गेली. गाडीत चढवलं नाही तिच्याने. आणि पाचव्या शीलाचं विचारलं तर म्हणाली, "लहानपणापासून पप्पा पुढे म्हणायचे, मी मागून म्हणायची. आता पाचवं आलं की मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. तो खरा नाय, तर मी मागून काय म्हणू?"

ऐकलंस? मला वाटलं पोर खोटं लपवायला गप्प आहे. तिला खोटं बोलायचं नव्हतं म्हणून ती गप्प होती.

साताऱ्याचं वसतिगृह विसर. दीप्ती इथून हलणार नाही, तू दारात आलास तरी नाही. बाटली आणि फडकं सावित्रीत जाणार नाही, मुद्देमाल म्हणून माझ्या ट्रंकेत आहे. उद्या पंचवीस डिसेंबर, मनुस्मृती दहन दिन, गावात माणसांचा पूर येईल. दरवर्षी तू येतोस. उद्या येऊ नकोस. आधी शर्मिलाला सांग. बारा जानेवारीपर्यंत सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

माझा राग दारूचा नाही रे. दारूने भले भले गेले. तू पोरीला पुढे केलंस, त्याचा आहे.

मंजुळा

*

पोलादपूर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन आठ दिवस फिरलो. थर्टी फर्स्टला नाक्यावर उभा राहून दूध वाटलं. तिथे नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, पिणाऱ्याला कळतं का, की आपण पितो ते लोकांना कळलंय?" मी म्हटलं, "छान प्रश्न," आणि पुढच्याला ग्लास दिला.

खरं लिहितो. बाटली वाडीतल्या कुणी उचलली असं मी मनाला समजावलं होतं. तुझ्या पहिल्या पत्रात "सुट्टीनंतर" वाचलं. मला तेव्हाच कळलं की ती दीप्तीकडे आहे. तरी मी तुला झडती घ्यायला लावली. वाटलं, तिच्याकडे निघाली की ती तिचीच ठरेल, आणि मग ती काही बोलली तरी कुणी ऐकणार नाही. हे लिहिताना माझीच मला किळस येते आहे. माझ्याच पोरीला मी आरोपी केलं.

दोन वर्षं झाली. पहिल्यांदा झोप येईना म्हणून. पुढे व्याख्यानाआधी हात थरथरायला लागले म्हणून. व्याख्यानातला एक शब्दही खोटा नव्हता, ताई. सगळं मला आतून ठाऊक होतं, म्हणून तर लोक इतके गप्प बसून ऐकायचे.

काल रविवार. इथल्या विहारात पंचशील द्यायचा मान माझा असतो, मी म्हणतो आणि लोक मागून म्हणतात. शर्मिला बायकांत बसली होती. चार शीलं झाली. पाचव्याला तोंड उघडलं आणि दीप्तीचे मिटलेले ओठ दिसले, तू लिहिले होतेस तसे. मी थांबलो. लोकांना वाटलं विसरलो. काशीरामकाकांनी मागून शब्द सुचवला. मी मान हलवली आणि उभाच राहिलो. शेवटी काकांनीच म्हटलं आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी.

शर्मिलाबरोबर घरी आलो. दार लावल्यावर मी सुरुवात केली, "तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "फडकी मीच धुते."

एवढंच. दोन वर्षं ती फडकी धुत होती, ताई, आणि वाळत घालत होती, आणि मी तिच्यापासून लपवत होतो! मग मी रडलो, ती नाही रडली. तिने पाइप उचलून माळ्यावर टाकला.

आज सकाळी इथल्या डॉक्टरांकडे गेलो. एकदम आपल्या मनाने सोडू नका म्हणाले, झटके येऊ शकतात. हेही मी व्याख्यानात सांगायचो. बुधवारी पंधरा तारखेला महाडला सरकारी दवाखान्यात बोलावलं आहे, शर्मिला बरोबर येईल. पुढचे सगळे कार्यक्रम रद्द केले. कारण काय लिहू असं मुख्याध्यापकांनी विचारलं. खरं ते सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि चहा मागवला.

हे पत्र दीप्तीला वाचायला दे. सगळं. तिला माझी माफी सांग. माफ केलंच पाहिजे असं नाही. आणि सांग की माझ्या पापापायी तिने गप्प राहू नये. तिचं शील तिचं आहे, तिने मोठ्याने म्हणावं.

रतन

*

महाड
सोमवार, १३ जानेवारी २०२५

चि. रतन यास,
सप्रेम जयभीम.

पत्र तिला दिलं. परड्यात बसून वाचलं, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. चांगली तासभर. मी हुंगलं नाही, थोपटलं. सॅकचं कुलूप काढून तिने बनुबाईंच्या नातवाला खेळायला दिलं.

आणि मंगेशचं म्हणशील तर तो तिला फिजिक्सच्या जुन्या नोट्स आणून देत होता. त्याला बोलावून घावणे खायला घातले. का ते त्याला कळलं नाही.

काल विहारात गेलो. मला वाटलं, आज म्हणेल. चार शीलं म्हटली, आणि पाचव्याला परत ओठ मिटले. म्हटलं, पोरीने माफ नाही केलं.

चपला घालताना विचारलं, "का गं? पप्पांनी लिहिलंय ना, तू म्हण म्हणून?"

तर म्हणाली, "तिकडे पप्पा पण गप्पच असतील ना, आत्या, याच वेळेला. ते एकटे कशाला? ते म्हणतील त्या रविवारी मी म्हणेन."

बुधवारी दवाखाना झाला की दोघं जेवायलाच या. दीप्ती कॉलेज बुडवून थांबणार आहे, मी हो म्हटलंय. फडकं धुऊन ठेवलंय, शर्मिलाने धुतलं तेवढं पुरे झालं. बाटली अजून ट्रंकेतच आहे.

तुझी,
मंजुळाताई